पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये हाडांचीही खबर असते! डॉ. पेरी पिकहार्ट यांचं संशोधन आणि आपल्या कामाच्या गोष्टी

पोटात दुखतंय म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन लिहून देतात. आपण सेंटरवर जातो, पैसे भरतो, मशीनमध्ये काही मिनिटं पडून राहतो आणि मोठं पाकीट घेऊन घरी येतो. रिपोर्टमध्ये आपली नजर एकच गोष्ट शोधत असते. किडनीत स्टोन आहे का? अपेंडिक्स सुजलंय का? कुठे गाठ तर नाही ना? "काही नाही" असं कळलं की आपण अल्हम्दुलिल्लाह म्हणतो आणि पाकीट कपाटावर जाऊन पडतं.

पण त्याच स्कॅनमध्ये मणक्याची हाडं दिसतात. पोटातली मोठी रक्तवाहिनी दिसते. लिव्हरमध्ये चरबी साचली आहे का, पाठीचे स्नायू किती राहिले आहेत, हेही दिसतं. ही सगळी माहिती चित्रात असते. तिच्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं, म्हणून बऱ्याचदा रिपोर्टमध्येही ती येत नाही.

या न विचारलेल्या माहितीचा रुग्णाला काही उपयोग करून देता येईल का, या प्रश्नावर अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांचं नाव डॉ. पेरी पिकहार्ट. ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजीचे प्राध्यापक आहेत आणि पोटाच्या आजारांचं इमेजिंग हा त्यांचा खास विषय आहे.

रेडिओलॉजिस्ट म्हणजे नक्की कोण?

आपल्याकडे अनेकांना वाटतं की मशीन चालवणारा माणूस म्हणजे रेडिओलॉजिस्ट. तसं नाही. मशीन चालवतात ते टेक्निशियन. रेडिओलॉजिस्ट हा एमबीबीएसनंतर आणखी शिकलेला डॉक्टर असतो. एका स्कॅनमधली शेकडो चित्रं पाहून आजार काय आहे हे तो लिहितो. रुग्णाची आणि त्याची भेट बहुतेक वेळा होतच नाही. रिपोर्टच्या शेवटी असलेली सही तेवढी आपण पाहतो.

त्यातही जो फक्त पोटाचा अभ्यास करतो, म्हणजे लिव्हर, स्वादुपिंड, किडनी, आतडी यांचा, तो अॅब्डॉमिनल रेडिओलॉजिस्ट. आणि जो विद्यापीठात राहून काम करतो, त्याला तीन कामं सांभाळावी लागतात. रोजचे रुग्ण तपासायचे, शिकाऊ डॉक्टरांना शिकवायचं आणि संशोधन करायचं. पिकहार्ट यांनी मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरकी केली. सेंट लुईसच्या मॅलिंकरॉट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी रेडिओलॉजीचं शिक्षण घेतलं. त्यानंतर ते अमेरिकेच्या नौदलात डॉक्टर होते. त्यांचं नाव जगभर झालं ते याच काळातल्या एका संशोधनामुळे.

आकड्यांचं चित्र

पुढचं समजून घ्यायला सीटी स्कॅनची एक गोष्ट माहीत हवी. इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांनी हे मशीन बनवलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड आणि अॅलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

सीटीचं चित्र आपल्याला काळं-पांढरं दिसतं, पण मुळात ते आकड्यांचं बनलेलं असतं. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याला ०, हवेला उणे १०००, चरबीला शून्याच्या खाली, आणि हाड जितकं घट्ट तितका आकडा मोठा. या मापाला 'हाउन्सफिल्ड युनिट' म्हणतात. म्हणजे सीटी स्कॅन हे एका अर्थी शरीराचं मोजमापच आहे. पिकहार्ट यांचं पुढचं काम याच आकड्यांवर उभं आहे.

दुर्बीण न घालता आतड्याची तपासणी

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका छोट्या मांसल कोंबापासून सुरू होतो. त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारणपणे बरीच वर्षं लागतात. तेवढ्या वेळात तो सापडला आणि काढून टाकला, तर कॅन्सर होण्याआधीच टळतो. त्यासाठीची नेहमीची तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी. गुदद्वारातून कॅमेरा असलेली लांब लवचिक नळी पूर्ण आतड्यात फिरवतात. तपासणी चांगली आहे, पण भूल द्यावी लागते, आणि भीती व लाज यामुळे बरेच लोक ती टाळतात.

१९९४ मध्ये डेव्हिड व्हायनिंग या रेडिओलॉजिस्टने एक वेगळी वाट दाखवली. आतडं साफ करायचं, त्यात हवा भरायची, पोटाचा सीटी स्कॅन काढायचा आणि कॉम्प्युटरवर आतड्याच्या आतून फेरफटका मारायचा. याला व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी म्हणू लागले. कल्पना छान होती, पण सुरुवातीच्या अभ्यासांत कधी चांगले निकाल आले, कधी वाईट.

डिसेंबर २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात पिकहार्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. कसलाही त्रास नसलेल्या १,२३३ लोकांची एकाच दिवशी दोन्ही प्रकारे तपासणी केली होती, आधी सीटीने आणि मग नळीने. यातली पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. नळीने तपासणाऱ्या डॉक्टरला सीटीचा निकाल आधी सांगितला जात नव्हता. आतड्याचा एक भाग त्याचा तपासून झाला, की त्या भागाचा सीटीचा निकाल उघड करायचा. सीटीत पॉलिप दिसलाय आणि नळीने दिसला नाही, तर त्याने तो भाग परत पाहायचा. यामुळे नळीच्या तपासणीतून काय काय निसटतं, हेही कळलं.

निकाल असा होता. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप असलेल्या रुग्णांपैकी ९३.८ टक्के सीटीने ओळखले, नळीने ८७.५ टक्के. ६ मिलिमीटरपर्यंतचे लहान पॉलिपही धरले तर नळी थोडी पुढे होती, ९२.३ टक्के, सीटी ८८.७ टक्के. दोन पॉलिपमध्ये कॅन्सर निघाला. सीटीने दोन्ही पकडले होते. नळीच्या तपासणीत त्यातला एक आधी सुटला होता.

सगळ्यांनी लगेच मान्य केलं का?

नाही. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, दुसऱ्या एका टीमचा अनेक हॉस्पिटलांमध्ये केलेला अभ्यास आला. त्यात हीच तपासणी मोठ्या पॉलिपच्या बाबतीतही निम्म्याच्या जरा वर अटकली. मग फरक कशामुळे पडला? पिकहार्ट यांच्या टीमने रुग्णाला आधी खास औषध देऊन आतड्यात उरलेल्या मळाला 'रंग' दिला होता, म्हणजे तो पॉलिपसारखा दिसून फसवणार नाही. चित्रंही त्यांनी मुख्यतः त्रिमितीत पाहिली होती. मशीन तेच असलं तरी तयारी कशी केली आणि बघणाऱ्याला कसं शिकवलं होतं, यावर बरंच अवलंबून होतं. २००८ मध्ये १५ केंद्रांवर सुमारे अडीच हजार लोकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात मोठे पॉलिप असलेले ९० टक्के रुग्ण सीटीने ओळखले गेले, आणि पारडं पुन्हा या बाजूला झुकलं.

दरम्यान पिकहार्ट विस्कॉन्सिनला आले होते. तिथून २००७ मध्ये आणखी एक तुलना छापून आली. सीटीने तपासलेले ३,१२० लोक आणि नळीने तपासलेले ३,१६३ लोक. धोकादायक पॉलिप व कॅन्सर दोन्हीकडे जवळपास सारखेच सापडले, ३.२ आणि ३.४ टक्के. पण सीटीच्या गटात एकूण ५६१ पॉलिप काढावे लागले, तर नळीच्या गटात २,४३४. नळीच्या गटात सात जणांच्या आतड्याला छिद्र पडलं. सीटीच्या गटात असं एकही झालं नाही. थोडक्यात, ज्याला खरोखर गरज आहे त्यालाच नळीकडे पाठवता येतं.

तरीही २००९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने, म्हणजे मेडिकेअरने, या तपासणीचा खर्च द्यायला नकार दिला. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आपल्या आरोग्य तपासणीत हीच चाचणी करून घेतली, तेव्हा बातम्या झाल्या. सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये तिचा यादीत समावेश केला. मेडिकेअरने खर्च द्यायला सुरुवात केली ती १ जानेवारी २०२५ पासून. पहिल्या मोठ्या अभ्यासानंतर तब्बल एकवीस वर्षांनी!

शोधायला गेले आतडं, सापडलं बरंच काही

आतड्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये अख्खं पोट येतं. २०१० मध्ये पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी १०,२८६ लोकांचा हिशोब मांडला. हे सगळे लोक त्रास नसताना आतड्याच्या तपासणीला आले होते. त्यांच्यापैकी ५८ जणांना कॅन्सर निघाला. गंमत बघा, आतड्याचे होते फक्त २२. बाकीचे ३६ आतड्याबाहेरचे होते, आणि त्यात किडनीच्या कॅन्सरचे ११ जण होते.

इथून त्यांच्या संशोधनाला नवं वळण मिळालं. स्कॅन तर झालेलाच आहे. पैसे भरून झालेत, किरणंही शरीरात गेलीत. मग त्यातली उरलेली माहिती वाया का घालवायची? या विचाराला वैद्यकीय भाषेत 'ऑपॉर्च्युनिस्टिक स्क्रीनिंग' म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर आयती मिळालेली संधी साधणं.

कमरेचा पहिला मणका

वय वाढलं की हाडं ठिसूळ होतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे जास्त वेगाने होतं. हाडं ठिसूळ झाल्याचं दुखत नाही, म्हणून कळत नाही. मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. किंवा काहीही न होता मणका आतल्या आत दबतो, पाठीला बाक येतो, आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता." हाडांची घनता मोजायला डेक्सा नावाची चाचणी आहे, पण ती करून घेणारे फार थोडे.

२०१३ मध्ये पिकहार्ट यांच्या टीमने १,८६७ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या लोकांची सहा महिन्यांच्या आत डेक्सा चाचणीही झाली होती आणि दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी पोटाचा सीटी स्कॅनही. टीमने स्कॅनमध्ये कमरेचा पहिला मणका घेतला, त्याच्या आतल्या जाळीदार भागावर एक वर्तुळ ठेवलं आणि आकडा वाचला. काम एवढंच. आकडा १६० च्या वर असेल तर हाडं ठिसूळ असण्याची शक्यता कमी. ११० च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता खूप जास्त.

त्यातली एक बाब जास्त काळजी करायला लावणारी होती. ११९ जणांचे मणके आधीच बऱ्यापैकी दबलेले होते. म्हणजे फ्रॅक्चर होऊन गेलेलं होतं. आणि त्यांच्यापैकी ६२ जणांची डेक्सा चाचणी सांगत होती की ऑस्टिओपोरोसिस नाही! सीटीच्या आकड्यात मात्र अशा बहुतेकांची हाडं कमजोर दिसत होती.

कॉम्प्युटरने मोजायला सुरुवात केली

रेडिओलॉजिस्टकडे दिवसाला ढीगभर स्कॅन येतात. प्रत्येकात पाच-सहा गोष्टी हाताने मोजणं शक्य नाही. इथे आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, कामी आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डॉ. रोनाल्ड समर्स यांच्यासोबत पिकहार्ट यांनी आपोआप मोजणाऱ्या प्रोग्रामवर काम केलं. हाडांची घनता, स्नायूंची घनता, पोटातली चरबी, लिव्हरमधली चरबी आणि मोठ्या रक्तवाहिनीत साचलेलं कॅल्शियम, या पाच गोष्टी तो मोजतो.

२०२० मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये ९,२२३ लोकांचा अभ्यास आला. हे सगळे त्रास नसताना आतड्याच्या सीटीला आलेले लोक. पुढची जवळपास नऊ वर्षं कुणाला हार्ट अॅटॅक आला, कुणाचा मृत्यू झाला, याची नोंद पाहिली गेली. उंची-वजनावरून काढतात तो बीएमआय पुढच्या पाच वर्षांतला मृत्यू ओळखण्यात नाणं उडवण्याइतकाच उपयोगी ठरला. रक्तवाहिनीतलं कॅल्शियम आणि स्नायूंची घनता यांनी मात्र बीएमआयलाही मागे टाकलं आणि डॉक्टर वापरतात त्या फ्रॅमिंगहॅम स्कोअरलाही. दिसायला सडपातळ माणूस आतून निरोगी असेलच असं नाही, हे आपण ऐकून असतो. इथे ते मोजून दाखवलं गेलं.

मग आपण सीटी काढून घ्यायचा का?

अजिबात नाही! हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणं असतात, साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त. नुसतं हाडं किंवा चरबी बघायला सीटी काढायचा नसतो. पिकहार्ट यांचं म्हणणं आधीच झालेल्या स्कॅनबद्दल आहे.

शिवाय आकड्याला मर्यादा आहेत. शिरेतून औषध देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये हाडाचा आकडा थोडा वाढतो. मशीनच्या सेटिंगप्रमाणेही तो बदलतो. या अभ्यासांतले लोक अमेरिकेतले आहेत, त्यामुळे तिथल्या मर्यादा जशाच्या तशा आपल्याकडे लावणं बरोबर नाही. आणि न विचारलेलं काही दिसलं की कधीकधी विनाकारण धाकधूक, आणखी चाचण्या आणि खर्चही मागे लागतो. म्हणून आकड्याचा अर्थ आपण गुगलवर लावायचा नसतो, तो डॉक्टरांनीच सांगायचा.

आपल्या घरासाठी कामाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, जुने स्कॅन फेकू नका. फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. मूळ आकडे सीडीत असतात, फिल्मवर नसतात.

दुसरी गोष्ट, स्कॅन लिहून देताना डॉक्टर जी चिठ्ठी देतात, तिच्यावर पूर्ण माहिती लिहून घ्या. रेडिओलॉजिस्ट रुग्णाला पाहत नाही, चिठ्ठी पाहतो. तिच्यावर फक्त 'पोटदुखी' असेल तर तो पोटदुखीचंच कारण शोधणार. 'वय ६२, मागच्या वर्षी मनगट मोडलं, पाठ दुखते' असंही लिहिलेलं असेल, तर त्याची नजर मणक्याकडे जाईल.

तिसरी गोष्ट, अम्मी, दादी, नानी यांच्यापैकी कुणाचा पोटाचा सीटी झाला असेल, तर डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारा, "यात मणक्याची हाडं कशी दिसतात?" गरज वाटली तर ते डेक्सा चाचणी आणि औषधं सांगतील. मणका कमजोर असेल तर रुकू-सजद्यात किती वाकायचं, हेही विचारून घ्या. आजारी माणसाला खुर्चीवर बसून नमाज पढण्याची सवलत आहे. घरातले बुजुर्ग बऱ्याचदा संकोचाने ती घेत नाहीत. त्यांना प्रेमाने समजवा.

चौथी गोष्ट, शौचातून रक्त जाणं, अचानक वजन घटणं, शौचाची सवय बदलणं, हे मूळव्याध समजून अंगावर काढू नका. त्रास असताना नळीची कोलोनोस्कोपीच योग्य ठरते, कारण तिच्यात तुकडा काढून तपासता येतो. सीटीची तपासणी प्रामुख्याने त्रास नसलेल्यांसाठी आहे. तीसुद्धा पूर्ण पडद्यात होते असं नाही, हवा भरायला गुदद्वारात एक छोटी नळी घालावीच लागते. बायकांनी महिला टेक्निशियन किंवा महिला डॉक्टरची मागणी करण्यात काहीच गैर नाही. जुलाबाचं औषध आणि भरपूर पाणी दोन्ही तपासण्यांना लागतं, म्हणून रमजानमध्ये तारीख घ्यायची असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

आपल्या देशात सरकारी पातळीवर तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर शोधण्याची मोहीम आहे. आतड्याच्या कॅन्सरसाठी तशी नाही. त्यामुळे लक्षणांकडे आपणच लक्ष द्यायला हवं.

आपल्या मुलामुलींसाठी

नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर सर्जन नाहीतर हार्ट स्पेशालिस्ट असतो. रेडिओलॉजीचं नाव घरात फारसं निघत नाही. एमबीबीएसनंतर नीट-पीजी देऊन एमडी रेडिओडायग्नोसिस हा तीन वर्षांचा कोर्स करता येतो, डीएनबीचाही मार्ग आहे, आणि त्यापुढे पोटाच्या इमेजिंगमध्ये फेलोशिप करता येते. ज्यांना एमबीबीएस मिळत नाही त्यांच्यासाठी मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदवी आहे. कॉम्प्युटर आणि गणितात हुशार असलेल्यांसाठी तर इथे नवं दारच उघडलं आहे, कारण वर सांगितलेले प्रोग्राम डॉक्टर आणि इंजिनिअर मिळूनच बनवतात. महिला रेडिओलॉजिस्ट आणि टेक्निशियन आपल्या मोहल्ल्यांजवळ असतील, तर लाजेपोटी तपासणी टाळणाऱ्या कितीतरी बायका पुढे येतील.

पिकहार्ट यांनी नवीन मशीन बनवलेलं नाही. सगळ्यांसमोर असलेलीच चित्रं त्यांनी धीराने आणि मोजून पाहिली, आणि नकार आला तरी आकडे मांडत राहिले. आपलं शरीर ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे असं आपण मानतो. मग या शुक्रवारी नमाजहून परत आल्यावर कपाटावरचं ते पाकीट खाली काढा, त्यावरची तारीख बघा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्या.